‘बॉम्बे’ म्हणजे ‘चांगला उपसागर’?

पोर्तुगीजांनी ‘बॉम बाईआ’, म्हणजे चांगला उपसागर, असं नाव ठेवलं आणि त्याचंच बॉम्बे झालं, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. बंदर सुरेख असल्याने तो पटतोही. पण पोर्तुगीज शब्दकोश उघडा: ‘बाईआ’ स्त्रीलिंगी आहे. तिच्याआधी ‘बोआ’ यायला हवं, ‘बॉम’ पुल्लिंगी.

मग तारखा लावून पाहा. बेटं पोर्तुगीजांना मिळाली १५३४च्या वसईच्या तहाने. त्याआधीच, सुमारे १५१६च्या एका पोर्तुगीज वृत्तांतात, ‘ताना-मायांबू’ असा उल्लेख आहे. त्यात ठाणे स्पष्ट आहे, आणि ‘मायांबू’मागे मुंबादेवीचंच नाव असणं सर्वांत सयुक्तिक वाटतं. पुढे पोर्तुगीज ‘बोंबाईं’ लिहू लागले; इंग्रजांचं बॉम्बे त्यावरून आलं.