पार्श्वभूमी: खुरपे, खुर्ची आणि ‘कल्याण’ हा शब्द

अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवण्याचे शास्त्र, म्हटले की आज डोळ्यांपुढे संगणकाचे टेबल आणि फिरती खुर्ची उभी राहते. मराठवाड्यात या विषयाच्या विद्यापीठीय संशोधनाची मुळे मात्र शेतात आहेत. पात धरून उकिडव्या बसलेल्या, हातात खुरपे असलेल्या बाईच्या श्रमाची मोजदाद हा या परंपरेचा गाभा होता, आणि कारखाने, कार्यालये व मानसिक ताण हे विषय तिच्यात नंतर येऊन मिळाले. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यावर आज येथे जे संशोधन होते त्यातील उणिवा कोठून आल्या हे कळत नाही.

शास्त्राचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कामामुळे होणाऱ्या आजारांवर एका इटालियन वैद्याने 1700 मध्ये ग्रंथ लिहिला, ग्रीक शब्दांवरून ‘अर्गोनॉमिक्स’ हा शब्द एका पोलिश शास्त्रज्ञाने 1857 मध्ये घडवला, आणि दुसऱ्या महायुद्धातील अनुभवानंतर 1949 मध्ये इंग्लंडात या विषयाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. काम माणसाला जुळले पाहिजे, माणसाने कामाला जुळवून घेत झिजू नये, हे या शास्त्राचे मूळ तत्त्व आहे. भारतात ते प्रथम मुंबई, कोलकाता आणि अहमदाबाद या गिरण्या-कारखान्यांच्या शहरांत रुजले. मराठवाडा त्या नकाशावर नव्हता.

परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झाले. पुढे तेथे गृहविज्ञानाचे महाविद्यालय आले, जे आता सामुदायिक विज्ञान या नावाने ओळखले जाते, आणि गृहविज्ञानाच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे एक केंद्रही परभणीला मिळाले. गृहविज्ञान म्हणजे शिवणकाम आणि पाककृती अशी समजूत असलेल्या काळात तेथील प्राध्यापिका आणि विद्यार्थिनी शेतकरी स्त्रियांची नाडी मोजत बांधावर बसत होत्या, याची नोंद फारशी घेतली गेली नाही. अभियांत्रिकीच्या विभागांनीही या कामाला बरोबरीचे मानले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मोजणीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. काम करणाऱ्या बाईला आधी झाडाखाली बसवून विश्रांतीतील हृदयठोके नोंदवायचे, मग ठरावीक वेळ काम करू द्यायचे, कामाच्या दरम्यान आणि नंतर ठोके पूर्वपदावर येईपर्यंत नोंदी घ्यायच्या, आणि शेवटी काम किती जड वाटले हे तिलाच विचारायचे. मुंबईतील महिला विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय स्त्रियांच्या कामाचे जे वर्गीकरण 1994 मध्ये मांडले, ते देशभरच्या गृहविज्ञान विभागांनी आधाराला घेतले. त्यातील सूत्र सोपे आहे: मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांना 0.159 ने गुणायचे आणि गुणाकारातून 8.72 वजा करायचे, म्हणजे मिनिटाला खर्च झालेली ऊर्जा किलोज्यूलमध्ये मिळते. कामाच्या वेळी ठोके 120 असतील, तर उत्तर 10.36 येते, म्हणजे काम मध्यम आणि जड यांच्या सीमारेषेवर पोहोचते. प्रयोगशाळेतील श्वासमापनाची यंत्रे शेतात नेणे शक्य नव्हते. त्या अडचणीतून हे सूत्र उपयोगी ठरले आणि त्यामुळेच ग्रामीण भागातील शेकडो नोंदी शक्य झाल्या.

अशी एक नोंद घेतली जात असताना मी परभणी तालुक्यातील एका शेतात हजर होतो. छातीला पट्टा बांधलेली, साधारण पन्नाशीची ती मावशी तासभर खुरपत होती. तिचे ठोके काही फार वाढले नाहीत आणि सूत्राने ते काम ‘हलके’ या वर्गात टाकले. विद्यार्थिनी आकडे लिहीत असताना मावशी उठून उभी राहण्यासाठी एक हात जमिनीवर आणि दुसरा गुडघ्यावर टेकत म्हणाली, “छातीचं काय मोजायलीस पोरी, दुखायलंय ते कंबरडं.” पद्धतीवरचा याहून नेमका आक्षेप मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेला नाही. हृदयाचे ठोके हालचालीचे श्रम सांगतात. एकाच स्थितीत ताणून धरलेले स्नायू, दुमडलेले गुडघे आणि वाकलेला कणा यांचा भार त्यांत पुरेसा उतरत नाही.

हा दोष संशोधकांना माहीत नव्हता असे नाही, म्हणून शरीरस्थिती तपासणारे परदेशी तक्ते पुढे वापरात आले. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठातून 1993 मध्ये आलेली रूला ही पद्धत मान, खांदे आणि हात यांसाठी रचलेली आहे आणि तिच्यात पायांना केवळ 1 किंवा 2 इतकेच गुण देता येतात. उकिडवे बसणे ही आपल्याकडची रोजची कार्यस्थिती तिच्यात वेगळी मोजली जात नाही. 2000 मध्ये आलेल्या रीबा या पद्धतीत गुडघ्याच्या दुमडीला अधिक गुण मिळतात, तरी खुरपणी करणारी बाई आणि भांडी घासणारी बाई यांच्यातला फरक तिच्याही चौकटीत नीट बसत नाही. ‘उकिडवे’ या शब्दासाठी तक्त्यात रकानाच नाही, आणि रकाना नसलेल्या गोष्टीचे दुखणे अहवालात येत नाही.

या काळातील संशोधनाचे दृश्य फळ म्हणजे अवजारे. चाकावर चालणारे हातकोळपे, ज्याला गावात सायकल कोळपे म्हणतात, कापूस वेचताना कमरेला बांधायच्या ओटीऐवजी खांद्यांवर भार वाटणारी पिशवी, दातेरी विळा, हातमोजे अशा साधनांची चाचणी स्त्रियांकडून करून घेतली गेली. सायकल कोळप्याने बाई उकिडवी न बसता उभ्याने तण काढू शकते, ही मोठी गोष्ट होती. अवजार आल्यावर ते अनेकदा पुरुषाच्या हाती जाते आणि खुरपणीची रोजंदारी बाईच्या हातून निसटते, हा मात्र गावोगावचा अनुभव आहे. कष्ट कमी झाले की मिळकतही कमी झाली, याची मोजदाद हृदयठोक्यांच्या तक्त्यात होत नव्हती. काबाडकष्ट कमी करणे आणि माणसाचे बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच प्रथम स्पष्ट झाले, आणि येथूनच ‘कल्याण’ या शब्दाचा गुंता सुरू होतो.

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला आणि त्यानंतर सहा दिवसांनी, 23 सप्टेंबर रोजी, देशाच्या कारखाने अधिनियमाला मान्यता मिळाली. या कायद्यात आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण अशी तीन स्वतंत्र प्रकरणे होती. अतिरिक्त वजन उचलण्यावरील बंधन कलम 34 मध्ये, म्हणजे सुरक्षिततेच्या प्रकरणात होते. उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला अधूनमधून बसता यावे म्हणून आसनाची सोय करण्याचे बंधन कलम 44 मध्ये होते, आणि ते कल्याणाच्या प्रकरणात, धुण्याची सोय, उपाहारगृह आणि पाळणाघर यांच्या पंगतीला बसवले होते. कण्याशी आणि पायांच्या शिरांशी थेट संबंध असलेली तरतूद अशा रीतीने सोयीसुविधांच्या यादीत गेली. ही मांडणी केवळ तांत्रिक होती असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण सुरक्षिततेचा भंग झाला तर अपघात झाला असे म्हणतात आणि कल्याणाचा भंग झाला तर सोय कमी पडली असे म्हणतात, आणि तपासणीला येणारा अधिकारीही याच नजरेने पाहतो.

त्यात भर पडली ती मुंबई राज्याच्या कामगार कल्याण निधीच्या 1953 च्या कायद्याने. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता; पुढे तो मराठी राज्यात आल्यावर ही व्यवस्था येथेही पोहोचली. कामगार कल्याण केंद्र म्हटले की मराठी माणसाला शिवणवर्ग, वाचनालय, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि नाट्यस्पर्धा आठवतात. हे उपक्रम मोलाचे आहेत आणि त्यांतून अनेक कलावंत घडले, पण त्यांच्यामुळे ‘कल्याण’ या शब्दाचा अर्थ कामाच्या वेळेबाहेर आणि कामाच्या जागेबाहेर पक्का झाला. कल्याण हे कोणी तरी करते आणि ते कोणाचे तरी होते. महिला व बालकल्याण, समाजकल्याण, आदिवासी कल्याण या सर्व शब्दांत देणारा आणि घेणारा गृहीत आहे. इंग्रजीत ज्याला वेलबीइंग म्हणतात ती अवस्था माणसाच्या आतली असते. तिच्यासाठी मराठीत ‘स्वास्थ्य’ हा अधिक जवळचा शब्द आहे, कारण त्यात स्वतःच्या ठिकाणी स्थिर असण्याचा भाव आहे. तरीही व्यवस्थापनशास्त्राच्या प्रबंधांची शीर्षके मराठीत आणताना ‘कर्मचारी कल्याण’ हाच शब्द वापरला जातो आणि मग प्रश्नावलीत उपाहारगृह, गणवेश, वाहतूक आणि सण-उचल यांचेच प्रश्न येतात.

शब्दाची ही चूक निष्कर्षांपर्यंत कशी जाते, हे प्रश्नावलीतील एका वाक्यावरून दिसते. ‘आपण आपल्या कामाबाबत समाधानी आहात का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक मराठी प्रश्नावलीत असतो. आपल्याकडे समाधान हा सद्गुण आहे. वारकरी घरात वाढलेला माणूस अनोळखी माणसापुढे ‘मी असमाधानी आहे’ असे सहजासहजी म्हणणार नाही, कारण ते तक्रारखोरपणाचे आणि कृतघ्नतेचे लक्षण मानले जाते. तो ‘समाधानी’ वर खूण करतो आणि त्याच संध्याकाळी घरी कंबरेला शेक घेतो. हाच प्रश्न ‘कामाची पाळी संपवून घरी गेल्यावर कशाला हात लावावासा वाटत नाही?’ असा विचारला तर उत्तरे वेगळी येतात, हे क्षेत्रकामात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. परदेशी मापनश्रेणी शब्दशः उतरवून घेतल्याने जो आकडा मिळतो, तो अनेकदा स्वास्थ्याऐवजी शिष्टाचाराचे मोजमाप करतो.

कारखान्यांकडे संशोधन वळले ते बरेच नंतर. छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्यानंतर वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली, 1985 मध्ये तेथे दुचाकींचा मोठा कारखाना उभा राहिला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान युनिटे आजूबाजूला आली. उत्पादन अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रबंधांना प्रेस शॉप, वेल्डिंग आणि जुळणीची साखळी हे हाताशी असलेले विषय मिळाले. छायाचित्र घ्यायचे, सांध्यांचे कोन मोजायचे, गुण काढायचे, टेबलाची उंची बदलून पुन्हा गुण काढायचे, अशी या कामाची ठरलेली रीत झाली. बदल कागदावर तरी नक्की दिसतो. पण प्रवेशाची परवानगी व्यवस्थापन देते, कामाचे ठिकाणही तेच निवडते, आणि कंत्राटी कामगार पुढच्या भेटीला त्याच यंत्रावर असेलच असे नाही. शिवाय दुखण्यामुळे काम सोडून गावी परतलेला माणूस नमुन्यात कधीच येत नाही. जो टिकला तोच मोजला जातो, आणि म्हणून कामाची जागा प्रत्यक्षापेक्षा बरी दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामातून येणाऱ्या बर्नआउटला, म्हणजे सततच्या ताणाने पुरते थकून जाण्याला, आजार न म्हणता व्यावसायिक घटित म्हणून नोंदवले आणि 2020 च्या टाळेबंदीत माजघरातल्या पाटावर लॅपटॉप ठेवून काम करणारे शिक्षक व कर्मचारी संशोधकांना घरातच दिसू लागले. त्यामुळे मान, मनगट, झोप आणि ताण हे विषय एकत्र आले, आणि मानसशास्त्र व वाणिज्य विभागांचाही या क्षेत्रात प्रवेश झाला. 2020 मध्येच संसदेने व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता मंजूर केली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती अमलात आली. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची किमान मर्यादा तिने 10 वरून 20 केली, त्यामुळे वाळूज आणि नांदेडच्या वसाहतींतील अनेक लहान युनिटे कारखाना या व्याख्येबाहेर राहतात. उभ्याने काम करणाऱ्याला बसण्याची सोय ही तरतूद या संहितेतही कल्याणाच्याच प्रकरणात राहिली आहे.

या सगळ्यांत सर्वाधिक श्रम करणारा गट सर्वात कमी मोजला गेला आहे. बीड, धाराशिव आणि जालना जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, उचल आधी घेतलेली असते, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढण्याचे काम अनेकदा बाईकडे असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारी चौकशीही झाली. त्या चर्चेत डॉक्टरांवर बोट ठेवले गेले, ते योग्यच होते, पण मोळीचे वजन, फळीचा चढ आणि मासिक पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर कापली जाणारी रक्कम यांचा शरीराशी असलेला संबंध मोजण्याचे काम विद्यापीठांचे होते. या कामगारांसाठी स्थापन झालेल्या महामंडळाच्या नावातही ‘कल्याण’ हाच शब्द आहे. हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो. विद्यापीठांत क्षेत्रकामाचे आणि प्रबंधांच्या नोंदींचे दिवसही साधारण तेच असतात. विद्यार्थी प्रश्नावली घेऊन तांड्यावर पोहोचतो तेव्हा तेथे म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात, आणि ज्यांची कंबर मोजायची ती माणसे सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावच्या फडात मोळ्या बांधत असतात.