तुरटीने पाणी निवळतं, पण त्यात ॲल्युमिनियम किती उरतं?

पाऊस सुरू झाला की नदीचं पाणी गढूळ येतं आणि फिल्टर प्लांटवर तुरटीचा नाहीतर पॅकचा (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइडचा) डोस वाढतो, ते बरोबरच आहे, त्याशिवाय गाळ खाली बसणार कसा. पण दोन्हींत ॲल्युमिनियम असतं, आणि ते सगळं गाळाबरोबर गेलं का हे ग्लास उजेडात धरून कळत नाही. गावची नळ योजना किंवा सोसायटीचा छोटा प्लांट जे सांभाळतात त्यांच्यासाठी आमच्या लॅबचं हे पत्रक.

आधी हिशोब बघा. प्लांटवरच्या तुरटीत वजनाच्या साधारण 8 ते 9 टक्के ॲल्युमिनियम असतं, म्हणजे लिटरला 50 मिलिग्रॅम डोस दिला तर 4 मिलिग्रॅमच्या वर ॲल्युमिनियम आपणच पाण्यात टाकतो. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला 0.03 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 0.2. म्हणजे 0.2 गाठायलासुद्धा टाकलेल्यातलं 95 टक्क्यांहून जास्त गाळात आणि फिल्टरमध्ये अडकलं पाहिजे. प्लांट नीट चालला तर हे जमतं.

रिपोर्टमध्ये आकडा जास्त आला की बरेच जण लगेच डोसकडे बघतात, आम्ही सांगू आधी हे शोधा की ॲल्युमिनियम विरघळलेलं आहे की बारीक कणांच्या रूपात, कारण दोन्हींचा इलाज वेगळा. म्हणून आम्ही एकच नमुना दोनदा तपासतो, एकदा आहे तसा आणि एकदा 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून (हे गाळणं पाण्यात ॲसिड पडण्याआधीच व्हायला हवं, नाहीतर कणही विरघळतात). गाळल्यावर आकडा खूप उतरला तर कण फिल्टर बेडमधून निसटतायत, मग बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) कधी झाला, वाळू किती उरलीय, पाणी फार जोरात सोडताय का ते बघा. गाळूनही आकडा तसाच राहिला तर दोष बहुतेक वेळा पीएचचा. ॲल्युमिनियम सर्वात कमी विरघळतं ते पीएच 6 ते 7 च्या आसपास, त्याच्या बरंच खाली गेलं तरी विरघळतं आणि 8 च्या वर गेलं तरी. पावसाळ्यात नदीच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद, आधीच कमी असते, तुरटी ती अजून खाते, पीएच घसरतो, मग घाईत चुना जास्त पडतो आणि पाणी दुसऱ्या टोकाला जातं. असं पाणी दिसायला एकदम स्वच्छ, टर्बिडिटी (गढूळपणा) 1 एनटीयूच्या आत, आणि तरी ॲल्युमिनियम जास्त! पाणी बदललं की जार टेस्ट करा, म्हणजे भांड्यांत वेगवेगळे डोस टाकून कोणता लागू पडतो ते बघा, हा आमचा आग्रह त्यासाठीच, मागच्या वर्षीचा डोस या वर्षीच्या पाण्याला लागू पडेलच असं नाही.

घाबरून जाऊ नका, पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही शरीरात शोषलं जात नाही. पण डायलिसिसच्या पेशंटची गोष्ट फार वेगळी, तिथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो, त्यामुळे त्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम इतकी कडक आहे. 1970 च्या दशकात अशा पाण्यामुळे पेशंटच्या मेंदूवर आणि हाडांवर परिणाम झालेले आहेत. तुमच्या पाण्यावर डायलिसिस सेंटर चालत असेल तर डोस बदलताना त्यांना आधी फोन करा, हे आम्ही हात जोडून सांगतो.

घरी विचारतात, पाणी उकळलं तर जाईल का? नाही जात, यूव्हीनेही नाही. आरओने बरंचसं जातं.

नमुना आमच्याच बाटलीत द्या, बाजारातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नको. आमच्या बाटलीत आधीच थोडं ॲसिड घातलेलं असतं, त्यामुळे ॲल्युमिनियम बाटलीला चिकटत नाही, म्हणून ती विसळायची नाही आणि ओसंडेपर्यंत भरायची नाही. पीएच मात्र जागेवरच मोजा, ॲसिडच्या बाटलीतून तो कळणार नाही. एक नमुना फिल्टरनंतरचा आणि एक लांबच्या नळाचा घ्या, कारण पाइपात गाळ साचलेला असला की शेवटच्या घराला वेगळंच पाणी मिळतं. बोअरचं पाणी मिसळत असेल तर तेही लिहा, फ्लोराइड असलं की रंगाच्या टेस्टमध्ये ॲल्युमिनियम खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं आणि मग आम्हाला दुसऱ्या पद्धतीने तपासावं लागतं. त्या दिवशीचा डोस आणि शेवटच्या बॅकवॉशची तारीख चिठ्ठीवर असली तर रिपोर्टबरोबर नेमकं काय सुधारायचं तेही सांगता येतं.