वाहन-इथरनेट हार्नेसची चाचणी: नाशिकच्या पुरवठादारांसाठी अर्ज, पात्रता, कागदपत्रे

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा) युनिटकडे ग्राहकाने १००बेस-टी१ किंवा १०००बेस-टी१ (एकाच तारजोडीवर चालणारे १०० मेगाबिट व १ गिगाबिटचे वाहन-इथरनेट) केबलचा चाचणी अहवाल मागितला, तर आधी त्यालाच विचारा: अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेचाच हवा का? हवा असेल, तर प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचे मानक) ची मान्यता असणे पुरेसे नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर तिचा स्कोप (मान्यता मिळालेल्या चाचण्यांची यादी) उघडा आणि नेमकी तुमची चाचणी त्यात आहे का ते पाहा. स्कोपबाहेरच्या अहवालावर ना एनएबीएलचे चिन्ह येते, ना यूएलआर (अहवालाचा स्वतंत्र ओळख) क्रमांक.

पात्रतेची वेगळी अट नाही. छोटे युनिटही नमुना देऊ शकते. उद्यम नोंदणी चाचणीला लागत नाही, सरकारी योजनेतून खर्चाचा परतावा हवा असेल तर लागते.

चाचणी विनंती फॉर्मसोबत जीएसटी क्रमांक, रिव्हिजन क्रमांकासह ड्रॉइंग, केबल-कनेक्टरचे पार्ट नंबर आणि पिन जोडणीचा तक्ता द्या. खरे अडते ते पुढे. फॉर्मवर 'इथरनेट केबल टेस्ट' एवढेच लिहिले, तर कोणत्या मर्यादेशी ताडायचे हेच ठरत नाही. वेग, लांबी आणि मधले जोड किती, हे लिहा. १००बेस-टी१ साठी १५ मीटर आणि चार जोडांपर्यंतचा मार्ग गृहीत धरलेला आहे. १०० मेगाबिटसाठी ओपन अलायन्स या वाहन-इथरनेट उद्योगगटाचे टीसी२, गिगाबिटसाठी टीसी९ हे तपशीलपत्र, आवृत्तीसकट नमूद करा. गिगाबिटची मापे ६०० मेगाहर्ट्झपर्यंत जातात, त्यामुळे १०० मेगाबिटला पास झालेला जोड तिथे नापास होऊ शकतो. मोजमापातील अनिश्चितता धरून पास-नापास कसे ठरवायचे, तो निर्णय-नियमही आधीच लेखी ठरवा.

नमुन्यासोबत समोरचा जुळणारा कनेक्टर पाठवाच. तो नसेल तर हार्नेस नेटवर्क ॲनालायझरला (केबलची मापे घेणाऱ्या उपकरणाला) जोडताच येत नाही, आणि नाशिकहून माल पुन्हा पाठवावा लागतो. क्रिंपिंगजवळ (तार कनेक्टरच्या पिनला दाबून बसवतात तिथे) तारजोडीचा पीळ जास्त उलगडला, की तिथला इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १०० ओहमवरून सरकतो आणि मोड कन्व्हर्जन (जोडीचा समतोल बिघडून सिग्नलचे गोंगाटात रूपांतर) वाढते. आमच्या मते बहुतेक नापास नमुन्यांत आधी हीच जागा तपासावी.

ईसीयूवर (गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर) वाचलेला एसक्यूआय, म्हणजे इथरनेट चिपने दिलेला सिग्नलच्या दर्जाचा आकडा, हा अहवालाला पर्याय नाही. ही मोजणी ० ते ७ अशी असते, पण चिपगणिक ती काढण्याची पद्धत वेगळी असते. दोन कंपन्यांच्या चिपवरचे ५ एकसारखे मानू नका. शिवाय तो त्या क्षणाच्या लिंकबद्दल सांगतो, केबलच्या मर्यादेबद्दल नाही. तरी चिपचे नाव, एसक्यूआय आणि तापमान यांची नोंद अर्जाला जोडा, बिघाड शोधताना ती उपयोगी पडते.

चिपमधली केबल डायग्नोस्टिक ही तपासणी तुटलेली किंवा शॉर्ट झालेली तार आणि त्या बिघाडापर्यंतचे अंतर सांगते. लिनक्सवर ५.८ आवृत्तीपासून इथटूल या आज्ञेत ही सोय आहे, चिपच्या ड्रायव्हरने साथ दिली तर. चाचणी चालू असताना लिंक तुटते, म्हणून ती चालू गाडीवर घेऊ नका. अंतर हे तारेतल्या लहरीच्या वेगावरून काढलेले असते. केबलचा पुरवठादार बदलला असेल, तर ज्ञात लांबीच्या तुकड्यावर आधी पडताळा घ्या, मगच हार्नेस कापा.