नांदीला सवड नसलेला रंगमंच

तासगाव तालुक्यातील एका बेदाणा शेडमध्ये बसून मी गेल्या हंगामात एका तरुण शेतकऱ्याने केलेले दोन व्हिडिओ एकापाठोपाठ पाहिले. दोन्हींचा विषय एकच होता: द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढले की बेदाणा लवकर का वाळतो आणि हिरवा का राहतो. पहिल्या व्हिडिओत तो कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ म्हणतो, आपले नाव, गाव आणि चॅनेलचे नाव सांगतो, लाइक आणि फॉलो करण्याची विनंती करतो आणि बाराव्या सेकंदाला मागे ठेवलेल्या टबाकडे वळतो. दुसऱ्यात पहिल्याच क्षणी त्याचे दोन तळहात दिसतात. एकावर काळपट बेदाणे, दुसऱ्यावर हिरवे. तो विचारतो, ‘दोन्ही एकाच वेलीचे. मग हा काळा का पडला?’

व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला किती प्रेक्षक टिकून होते हे दाखवणारा आलेख त्याने मला फोनवर उघडून दिला. पहिल्या व्हिडिओची रेषा सुरुवातीच्या तीन सेकंदांतच कड्यावरून कोसळावी तशी खाली आली होती, तर दुसऱ्याची घाटातल्या रस्त्यासारखी हळूहळू उतरत होती. माहिती तीच, माणूस तोच आणि फोनही तोच. ‘सर, पहिला अल्गोरिदमनं दाबला का हो?’ असे त्याने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मला शेडमध्ये उभ्या उभ्या नीट देता आले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

लहान व्हिडिओंचा हा प्रकार तसा फार जुना नाही. सहा सेकंदांचे व्हिडिओ दाखवणारे ‘वाइन’ २०१३ मध्ये आले आणि २०१७ च्या प्रारंभी बंद पडले. भारतात २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, टिकटॉक गावोगावी पोहोचले, जून २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांतच इन्स्टाग्रामचे रील्स व यूट्यूबचे शॉर्ट्स आपल्याकडे सुरू झाले. या सगळ्यांत महत्त्वाचा बदल लांबीचा नव्हता. पूर्वी आपण ज्यांना फॉलो करत असू, मुख्यतः त्यांचेच आपल्याला दिसत असे. आता यंत्र जे निवडून देईल ते दिसते. त्यामुळे शून्य फॉलोअर असलेल्या माणसाचा व्हिडिओही लाखो अनोळखी लोकांपर्यंत जाऊ शकतो, आणि लाखभर फॉलोअर असलेल्याचा व्हिडिओ हजारभर लोकांवरच थांबू शकतो.

हे यंत्र निवड कशी करते, याची ढोबळ रचना यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये एका शोधनिबंधात मांडली होती. पहिल्या टप्प्यात प्रचंड साठ्यातून एखाद्या प्रेक्षकासाठी काहीशे व्हिडिओ वेचले जातात आणि दुसऱ्या टप्प्यात त्यांची क्रमवारी लावली जाते. व्हिडिओ चांगला आहे की वाईट, असा सरसकट निवाडा या क्रमवारीत नसतो. हा विशिष्ट माणूस, आत्ता, हा व्हिडिओ किती वेळ पाहील, याचा तो अंदाज असतो. यूट्यूबने २०१२ मध्येच नुसत्या व्ह्यूजऐवजी पाहण्याच्या कालावधीला महत्त्व द्यायला सुरुवात केली होती, कारण भडक चित्र लावून लोकांना आत ओढणारे आणि आत काहीच नसलेले व्हिडिओ माजले होते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही जानेवारी २०२५ मध्ये पाहण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणे हे तीन संकेत सर्वांत वजनदार असल्याचे सांगितले. आमच्या मित्राचा पहिला व्हिडिओ कोणी मुद्दाम दाबला, असे मानण्याचे कारण मला दिसत नाही. लोक निघून गेले आणि यंत्राने ते टिपले, एवढी गोष्ट त्या आलेखातून सरळ वाचता येते.

मात्र नव्या व्हिडिओबद्दल यंत्राकडे कोणतीच नोंद नसते, तेव्हा त्याने अंदाज कशावर बांधायचा? येथे ते नमुना घेते. सांगलीच्या हळद बाजारात सौदा होताना व्यापारी पोत्यातून मूठभर हळकुंडे काढतो, एखादे मोडून आतला रंग पाहतो आणि त्यावरून सगळ्या ढिगाचा भाव ठरवतो. यंत्रही व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवते आणि त्यांच्या वागण्यावरून पुढचे ठरवते. माहीत असलेल्या चांगल्या पर्यायाचा फायदा घ्यावा की अनोळखी पर्याय तपासून पाहावा, हा संख्याशास्त्रातला नामांकित पेच आहे, आणि अशा यंत्रणा थोडी जागा तपासणीसाठी राखून ठेवून तो सोडवतात.

मूठ लहान असली की चूक मोठी होते. समजा, एखादा व्हिडिओ असा आहे की त्याच्या योग्य प्रेक्षकांपैकी बरोबर ४० टक्के लोक तो शेवटपर्यंत पाहतील. तो १०० लोकांना दाखवला, तर केवळ योगायोगाने त्यातले ३० टिकू शकतात किंवा ५० टिकू शकतात. ४०० लोकांना दाखवला, तर हाच फरक साधारण ३५ ते ४५ टक्क्यांवर येतो. त्यामुळे एका व्हिडिओच्या पहिल्या काही तासांच्या आकड्यांवरून ‘हा विषय चालत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणाऱ्यांनी एक हळकुंड मोडून अख्ख्या गोदामाचा भाव काढलेला असतो. एकाच पद्धतीचे आठ-दहा व्हिडिओ झाल्याशिवाय तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता त्या पहिल्या तीन सेकंदांकडे वळू. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत मराठी रंगभूमीचा पाया घातला, तेव्हा त्यांचे खेळ मंगलाचरणाने सुरू होत. सूत्रधार गाई, गणपती येई, सरस्वती येई आणि मग कुठे कथानकाला तोंड फुटे. प्रेक्षक शांत बसत, कारण ते ठरवून आलेले असत आणि रात्र मोकळी असे. उठून जायचे म्हटले तर बसलेल्यांतून वाट काढावी लागे. फोनवर उठून जायला अंगठा सरकवणे पुरते. माणसाचे लक्ष आता माशापेक्षाही कमी वेळ टिकते, असा एक दावा सगळीकडे फिरत असतो, पण त्याला विश्वासार्ह प्रयोगाचा आधार नाही. हाच माणूस घरी अडीच तासांचा सिनेमा पाहतो आणि क्रिकेटचा सामना दिवसभर पाहतो. लक्ष देण्याची क्षमता आहे तशीच आहे, उठून जाण्याची किंमत मात्र जवळपास शून्यावर आली आहे. माहितीची रेलचेल झाली की ती माहिती ज्यावर जगते त्या लक्षाचीच टंचाई पडते, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडून ठेवले होते.

म्हणून ‘नमस्कार मित्रांनो’ हा नम्रपणा येथे महाग पडतो. त्यात प्रेक्षकाचा अनादर नसतो, पण थांबण्याचे कारणही नसते. तळहातावरच्या दोन बेदाण्यांनी हे कारण दिले. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाविषयी मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही यांतली फट एकदा स्पष्ट दिसली की ती बुजवण्याची ओढ लागते. फट दिसण्यासाठी आधी थोडे माहीत असावे लागते. तासगावच्या शेतकऱ्याला काळा पडलेला बेदाणा चांगला माहीत आहे, त्याने झालेले नुकसानही माहीत आहे, म्हणून प्रश्न त्याला टोचतो.

आणि फट दाखवली की ती प्रामाणिकपणे बुजवलीही पाहिजे. द्राक्षमण्याच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. द्रावणातले पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलातले इथाइल ओलिएट या थराची घडण बदलतात, पाण्याला वाट मिळते आणि सावलीत पसरलेला माल पंधरा-वीस दिवसांत वाळतो. वाळायला वेळ लागला, तर मण्यातले एक विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने रंग तपकिरी करते, जसे कापलेल्या सफरचंदाचे होते. हे सगळे त्या तरुणाने पन्नास सेकंदांत, टबात क्रेट बुडवताना आणि जाळीवर घड पसरताना सांगितले. उत्तर शेवटच्या दहा सेकंदांसाठी दडवून ठेवण्याचा मोह त्याने टाळला, हे मला विशेष आवडले. दर पाच-सात सेकंदांनी एक लहान उत्तर आणि त्यातून एक नवा प्रश्न, अशी त्याची वीण होती.

आवाजाकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. फोन तोंडापासून दुप्पट दूर गेला की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, आणि शेडमधला पंखा व वारा मात्र होता तेवढाच राहतो. दहा हजारांचा नवा फोन घेण्यापेक्षा कॉलरला लावायचा साधा माइक अधिक उपयोगी पडतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचे व्हिडिओ पाहताना मला याचीच एक सुंदर बाजू जाणवली. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, मूळ कंपनसंख्या सेकंदाला ६९ च्या आसपास असते आणि एवढा खालचा सूर फोनचा चिमुकला स्पीकर जवळजवळ वाजवूच शकत नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथली जुळणी, नीट लागली की तारेतून वरच्या स्वरांशांची रांगच्या रांग उमटते, आणि त्या स्वरांशांवरून मेंदू हरवलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवताना बोथट आवाज अचानक उमलतो, तो क्षण व्हिडिओच्या सुरुवातीला ठेवला तर संगीत न शिकलेला माणूसही थांबतो.

थांबलेल्यांपैकी काही जण व्हिडिओ दुसऱ्याला पाठवतात आणि येथे गणित चकवा देते. समजा, सुरुवातीला २०० लोकांनी व्हिडिओ पाहिला आणि प्रत्येक प्रेक्षकामागे सरासरी ०.८ नवा प्रेक्षक येतो. मग २०० चे १६०, १६० चे १२८ असे करत सगळे मिळून १,००० लोक होतात आणि साखळी विझते. हीच सरासरी ०.९ झाली, तर एकूण २,००० लोक होतात आणि ०.९५ झाली, तर ४,०००. सरासरीतला किंचित फरक शेवटी दुपटीचा ठरतो. बेदाण्याचा तो व्हिडिओ द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरला, कारण तो पाठवणाऱ्याला पुढच्या माणसाच्या उपयोगाचा वाटला. ‘शेअर करा’ असे तोंडाने सांगण्यापेक्षा हे कारण कितीतरी जास्त काम करते.

एवढे करूनही नशिबाचा वाटा उरतो आणि तो लहान नाही. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग या संदर्भात प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. त्यांनी १४,००० हून अधिक लोकांना ४८ अपरिचित गाणी ऐकवली. काहींना इतरांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड केले याचा आकडा दिसत नव्हता. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट केले होते आणि प्रत्येकाला फक्त आपल्याच गटाचा आकडा दिसत होता. आठही गटांत गाणी तीच असूनही लोकप्रियतेचा क्रम निरनिराळा लागला. उत्तम गाणी क्वचितच अगदी तळाला गेली, सुमार गाणी क्वचितच शिखरावर पोहोचली, पण मधल्यांचे काहीही होऊ शकत होते. आपले बहुतेक व्हिडिओ या मधल्यांतच असतात.

म्हणूनच एखादा व्हिडिओ तुफान चालल्यानंतर पुढचे पाच पडले, तर घाबरण्याचे कारण नसते. अपवादात्मक मोठ्या आकड्यानंतरचा आकडा सहसा सरासरीकडे परततो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये उंच आईवडिलांच्या मुलांची उंची मोजताना हेच दाखवले होते. पण लोक या घसरणीचा अर्थ लावत बसतात, विषय सोडतात, चालू गाण्यावर ओठ हलवू लागतात आणि जमलेले द्राक्ष बागायतदार गोंधळून पांगतात.

व्ह्यूजचा आकडा आणि प्रेक्षकवर्ग यांतले अंतर येथेच स्पष्ट होते. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूबवर शॉर्ट सुरू झाला की लगेच व्ह्यू मोजला जातो, किमान किती वेळ पाहिला याची अट राहिलेली नाही. त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही. शॉर्ट्सच्या आधारे जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी ग्राह्य व्ह्यूज लागतात. बेदाण्यासारख्या विषयावर मराठीत हा दुसरा आकडा गाठणे अवघड आहे, आणि तो गाठण्यासाठी विषय पातळ करणे मला मान्य नाही. ज्याच्याकडे बाग आहे, ज्याला औषध, छाटणी आणि भाव यांची रोज चिंता आहे, असा माणूस परत परत येत असेल, तर यंत्रालाही हळूहळू कळते की हा व्हिडिओ कोणापुढे ठेवायचा. ही ओळख पटवून द्यायला एकच विषय, एकच भाषा आणि बराच काळ लागतो.

आमच्या मित्राने आता वहीत दोन रकाने आखले आहेत. एकात तिसऱ्या सेकंदाला किती टक्के लोक टिकले ते लिहायचे आणि दुसऱ्यात प्रश्न विचारणाऱ्यांपैकी किती नावे आधीच्या व्हिडिओंवरही दिसली होती ते. येत्या ऑक्टोबरच्या छाटणीसाठी त्याने बागेतली एकच ओळ निवडली आहे आणि तिच्यातल्या तिसऱ्या खांबाला लाल फडके बांधले आहे, म्हणजे मार्चपर्यंतचा प्रत्येक व्हिडिओ त्याच वेलीजवळ होईल. पहिला व्हिडिओ छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावण्याचा आहे. त्यात तो एका काडीवर पेस्ट लावणार, शेजारची तशीच सोडणार आणि आधी कोणती फुटेल ते विचारणार. उत्तर देणारा व्हिडिओ डोळे फुटतील त्या दिवशी, त्याच खांबाशी.