गॅरेजचा कोबा गाडीने फुटत नाही

आधी हिशेब करून टाकू. १,२०० किलोची मोटार, चार चाकं, म्हणजे एका चाकावर साधारण ३०० किलो. टायर जमिनीवर टाकतं तो दाब ढोबळमानाने त्याच्या आतल्या हवेइतकाच असतो. ३३ पीएसआय हवा भरली असेल, तर चौरस मिलिमीटरला ०.२३ न्यूटन. एम-२० प्रतीचं साधं काँक्रीट २८ दिवसांचं झालं की चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसतं. ऐंशी-नव्वद पट जास्त. तरीही इंदुरात रामबागेपासून राजेंद्र नगरापर्यंत फिरून बघा, पोर्चमध्ये बिनतड्याचा कोबा शोधावा लागतो. दोष बिचाऱ्या गाडीला दिला जातो, कामगिरी मात्र पाण्याची असते.

मालव्याचं पठार दख्खनच्या बसाल्टचं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. तो खडक झिजून आपली काळी माती झाली. तिच्यात मोंटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक बसलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. पावसाळ्यात माती फुगते, मे महिन्यात आकसून फाटते, भेगेत हाताची बोटं सहज जातात. घराच्या पोटाखालची माती वर्षभर जवळपास सारखीच ओलसर राहते. खालीवर होते ती कडेची, त्यातही गच्चीचा पाइप जिथे भिंतीलगत मोकळा सोडलेला असतो तिथली. मग कोब्याची एक बाजू उचलली जाते. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम एक दशांश. वाकलं की फुटलं.

म्हणून कोब्याचा खर्च खालून सुरू करावा. काळी माती निदान दोन-तीन फूट काढून तिथे मुरूम भरायचा. एकदम नाही, अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी मारून आणि धुमस करून. न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा असा थर फुगवट्याला आवरतो, हे आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं. कालव्यांच्या अस्तरांसाठीही हीच युक्ती वापरतात. मुरमावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर चार इंच काँक्रीट. भिंत आणि कॉलमला मात्र कोबा चिकटू देऊ नये, मधे थर्माकोलची अर्धा इंची पट्टी सोडावी. इमारत आपल्या पायावर उभी असते, कोबा मातीवर. दोघांची हालचाल वेगळी, मग जखडायचं कशाला?

दुसरं पाणी मिक्सरमधलं. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी हे ठीक प्रमाण. पण माल घट्ट असला की पसरवायला जोर लागतो, म्हणून मिस्त्री हळूच अर्धी बादली आणखी ओततो. तेवढ्याने ताकद जवळपास ३० टक्क्यांनी उतरते. डफ एब्रम्स या अमेरिकन अभियंत्याने पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणाचा हा नियम १९१८ मध्येच मांडला होता. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या उरतात. त्यातलं काही आधी वर येऊन साचतं. ते आपोआप जायची वाट न बघता वर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी फिरवली, की कोबा त्या दिवशी आरशासारखा दिसतो. वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतात आणि रोज झाडूनही धूळ संपत नाही. काँक्रीटकामातली ही सगळ्यात महागडी चमक.

काँक्रीट सुकताना आकसतं, सहा मीटरला दोनेक मिलिमीटर. तडा जाणारच, तो कुठे जावा एवढंच आपल्या हातात. तीन-तीन मीटरवर, जाडीच्या एक चतुर्थांश खोलीचा काप दुसऱ्या दिवसाच्या आत मारला, तर तडा मुकाट्याने त्या रेषेत बसतो.

आता तराई, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन होतं. वाळलं की ती क्रियाच थांबते. उन्हाळ्यात कोरडा वारा सुटला आणि चौरस मीटरमागे तासाला लिटरभर पाणी उडू लागलं, तर माल ओला असतानाच वर केसासारख्या चिरा पडतात. मालव्याच्या रात्री थंड असतात, त्यांचा फायदा घ्यावा आणि काम ऊन उतरल्यावर काढावं. काँक्रीटकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा सांगतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस द्यावेत. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवून भागत नाही. बांध घालून पाणी तुंबवावं, नाहीतर ओली पोती अंथरावीत.

तळघराची गोष्ट निराळीच. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २४० किलो. श्रावणात जमिनीतलं पाणी कोब्याच्या तळापासून फक्त २४ सेंटिमीटर वर चढलं, की त्याचा वरचा रेटा बरोबर एवढाच होतो. त्यापुढे कोबा अक्षरशः उचलला जातो, आणि वरून लावलेलं कुठलंही वॉटरप्रूफिंग त्याला धरून ठेवू शकत नाही. तिथे भिंतींशी एकजीव असा सळईचा राफ्ट, म्हणजे जाड अखंड स्लॅबच हवा, किंवा खाली गिट्टीचा थर, त्यातून खड्ड्यात उतरणारं पाणी आणि ते उपसणारा पंप. दुसऱ्या पर्यायात भर पावसात वीज गेली तर काय, हेही ठेकेदाराला आधीच विचारून ठेवा.

एपॉक्सीचा रंग सगळ्यांना हवा असतो, पण खालून ओल येत असेल तर त्याला फोड येतात. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपटला, तर रंगाऱ्याला अजून बोलावू नका.