रेबकोची पट्टी आणि बिस्मथची तार

सुपरकंडक्टर म्हणजे पुरेसा थंड केला की विरोधाशिवाय वीज वाहू देणारा पदार्थ. ‘हाय-टेम्परेचर सुपरकंडक्टरची वायर’ या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू खपतात, आणि एम.एस्सी. फिजिक्सची पोरंही त्यांची सरमिसळ करतात. एक बिस्मथ-२२१२ ची (बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांब्याचा ऑक्साइड) गोल तार, दुसरी रेबकोची (रेअर-अर्थ धातू, बेरियम आणि तांब्याचा ऑक्साइड) चपटी पट्टी. दोन्ही कॉपर ऑक्साइडच्या कुळातल्या. कोल्हापुरातल्या दवाखान्यांत एमआरआयचं दीड-तीन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) चुंबक सहसा नायोबियम-टायटॅनियमच्या तारेवर भागतं. नुसत्या सुपरकंडक्टरवर पंचवीस टेस्लाच्या पुढे जायचं तर मात्र या कुळाशिवाय गत नाही.

बिस्मथची पावडर चांदीच्या नळीत भरतात आणि नळी ओढत ओढत बारीक करतात. चांदीच का? तापल्यावर तिच्यातून ऑक्सिजन आरपार जातो म्हणून. (भाव चांदीकामाच्या हुपरीत विचारा, म्हणजे ही तार महाग का ते कळेल.) मग कॉइल गुंडाळून ती सुमारे ८९० अंशांना भाजायची. पावडर वितळली की दाण्यांमधली हवा एकत्र येऊन तंतूंत बुडबुडे धरतात आणि करंटची वाट अडते. गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याला हे समजावावं लागणार नाही; कास्टिंगमधला ब्लोहोल तो रोज पाहतो. बरीच वर्षं दोष दाण्यांच्या जोडांवर टाकला जात होता. फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या चुंबक प्रयोगशाळेने भट्टीतला वायूचा दाब शंभर बारपर्यंत वाढवला, तेव्हा चांदी आवळली गेली, बुडबुडे मिटले आणि करंट कित्येक पट वाढला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

रेबकोत पावडरही नाही, बुडबुडेही नाहीत. निकेलच्या मिश्रधातूच्या पातळ पट्टीवर ऑक्साइडचे थर, त्यावर एक-दोन मायक्रॉनचा रेबको, वरून चांदी आणि तांबं. इथे सगळा खेळ दिशेचा. शेजारचे दाणे काही अंशांनी जरी तिरके बसले तरी करंट ढासळतो, म्हणून खालचे थरच एका दिशेत वाढवावे लागतात. शिवाय चुंबकीय रेषा सरकू लागल्या की उष्णता होते. त्या जागीच अडकाव्यात म्हणून थरात बेरियम झिरकोनेटचे नॅनो-खांब उगवतात.

नावातल्या ‘हाय-टेम्परेचर’वर फार भिस्त ठेवू नये. दोन्ही द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना, सुपरकंडक्टर होतात खऱ्या, पण जोरदार चुंबकीय क्षेत्रात बिस्मथला द्रव हेलियमचीच, त्याहून कितीतरी कडक थंडी लागते. रेबको हेलियमहून जरा उबदार, उणे २५३ अंशांनाही दमदार चालते. फ्यूजनवाल्यांचा (अणू जोडून ऊर्जा काढू पाहणाऱ्यांचा) ओढा तिच्याकडे आहे तो त्यामुळेच. २०२१ मध्ये अमेरिकेत तिच्या मोठ्या चुंबकाने २० टेस्ला गाठले.

तरीही अचूक, एकसारखं क्षेत्र हवं असेल तर माझं मत गोल तारेला. क्षेत्र पट्टीच्या पृष्ठभागाला काटकोनात आलं की करंट घटतो, थर सोलले जातात आणि रुंद पट्टीत नको ते करंट फिरू लागतात. २०१९ मध्ये रेबकोच्या चिमुकल्या कॉइलने ३१ टेस्लाच्या साध्या (सुपरकंडक्टर नसलेल्या) चुंबकात बसून एकूण ४५.५ टेस्ला गाठले. नंतर उलगडून पाहिली तेव्हा पट्टीच्या कापलेल्या कडेला इजा झालेली दिसली, आणि तिच्यामागे हेच करंट होते. बिस्मथच्या तारेतल्या बारीक तंतूंना पीळ देता येतो, त्यामुळे तिथे हा त्रास बराच कमी असतो.