झेंडा गाळला, कलमे राहिली: युरोपीय महासंघाच्या करारबदलाची पार्श्वभूमी

युरोपीय महासंघाच्या मूळ करारांत लहानसा बदल करायचा तरी 27 पैकी प्रत्येक देशाची मंजुरी लागते, आणि ती ज्याच्या त्याच्या राज्यघटनेप्रमाणे मिळवावी लागते. बहुतेक ठिकाणी संसदेतले मतदान पुरते. आयर्लंडमध्ये मात्र पुन्हा पुन्हा सार्वमत होते, ते हौसेने नव्हे. करारामुळे युरोपीय संस्थांची व्याप्ती किंवा उद्दिष्टे मुळातून बदलत असतील तर आधी घटनादुरुस्ती हवी, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या क्रॉटी खटल्यात ठरवले; आणि तिथे घटनादुरुस्ती सार्वमताशिवाय होत नाही.

देशाची ओळख पुसली जाईल का, हा वाद खरा पेटला तो मास्ट्रिख्ट कराराने. 1992 च्या या करारात सामाईक चलनाबरोबर महासंघाचे नागरिकत्वही आले. जूनमध्ये डॅनिश मतदारांनी तो 50.7 टक्के मतांनी फेटाळला, सप्टेंबरमध्ये फ्रान्सने 51 टक्क्यांवर कसाबसा तारला. चलन, संरक्षण, न्याय व गृह आणि नागरिकत्व या चार बाबतींत डेन्मार्कला सूट मिळाली, तेव्हा कुठे 1993 मध्ये होकार आला. पुढे 1997 च्या अ‍ॅमस्टरडॅम करारात स्पष्टच लिहिले गेले की हे नागरिकत्व राष्ट्रीय नागरिकत्वाला पूरक आहे, त्याची जागा घेणारे नाही. ते मिळते सदस्य देशाच्या नागरिकत्वातून, आणि आपला नागरिक कोण हे तो देश ठरवतो. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेले गोवेकर आणि त्यांची पुढची पिढी पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमधल्या स्विंडनला कामाला जाऊ शकली, ती याच नियमामुळे.

मग आले राज्यघटनेचे स्वप्न. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हॅलेरी जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखाली फेब्रुवारी 2002 पासून जुलै 2003 पर्यंत कन्व्हेन्शनने, म्हणजे सरकारे, राष्ट्रीय संसदा आणि युरोपीय संस्था यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, मसुदा तयार केला. प्रस्तावनेवरून कडाक्याचे भांडण झाले: पोलंड, इटली, स्पेनला ख्रिस्ती वारशाचा उल्लेख हवा होता, धर्मनिरपेक्ष फ्रान्सला तो चालणार नव्हता. शेवटी ‘सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा’ असा, कुणालाच पुरता न आवडणारा शब्दप्रयोग उरला. 448 कलमांच्या या दस्तऐवजावर ऑक्टोबर 2004 मध्ये रोमला सह्या झाल्या. 29 मे 2005 रोजी फ्रान्सने जवळपास 55 टक्के, आणि तीन दिवसांनी नेदरलँड्सने 61 टक्क्यांहून अधिक मतांनी त्याला नकार दिला. दोघेही संस्थापक देश, त्यामुळे डेन्मार्कसारखी सूट देऊन भागण्यातले नव्हते.

त्यानंतरची शस्त्रक्रिया मोठी चलाख होती. 2007 च्या लिस्बन करारातून ‘राज्यघटना’ हा शब्द गेला. झेंडा, गीत आणि बोधवाक्याचे कलम गेले. 16 देशांनी या प्रतीकांवरची निष्ठा वेगळ्या घोषणापत्रात नोंदवली. ‘परराष्ट्रमंत्री’ हे पदनाम बदलून ‘उच्च प्रतिनिधी’ झाले. सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत निर्णयासाठी लागणारा 55 टक्के देश आणि 65 टक्के लोकसंख्या हा बहुमताचा हिशेब मात्र तसाच राहिला. फ्रान्स आणि नेदरलँड्सने या वेळी संसदेतूनच मंजुरी उरकली. विचारले फक्त आयरिश मतदारांना; त्यांनी 2008 मध्ये नाही म्हटले. कर, तटस्थता, गर्भपातविषयक घटनात्मक तरतूद आणि महासंघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगात प्रत्येक देशाचा एक आयुक्त यांची हमी मिळाल्यावर 2009 मध्ये 67 टक्के होकार आला. ‘हो म्हणेपर्यंत विचारत राहतात’ हा आरोप तेव्हापासून चिकटला आहे, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही.

लिस्बनच्या कलम 48 ने बदलाचा मार्ग आखला. प्रस्ताव एखादे सरकार, युरोपीय संसद किंवा आयोग आणतो. तो मंत्र्यांच्या परिषदेमार्फत सरकारप्रमुखांच्या युरोपीय परिषदेकडे जातो, तिथे साधे बहुमत मिळाले की कन्व्हेन्शन भरते. तिथून सरकारांच्या प्रतिनिधींची वाटाघाटीची बैठक, एकमत, सह्या आणि मग देशोदेशीची मंजुरी. दोन वर्षांत चार-पंचमांश देशांनी मंजुरी दिली आणि कुणी अडकले, तर प्रकरण पुन्हा युरोपीय परिषदेकडे येते. पण अडलेल्या देशाला बाजूला सारण्याची सोय नाही. करार न बदलता काही विषयांत एकमताऐवजी बहुमताने निर्णय घेण्याचा जोडमार्गही आहे, पण त्याला एकाही राष्ट्रीय संसदेने सहा महिन्यांत हरकत घेतली की तो बंद होतो.

2021-22 च्या ‘युरोपच्या भवितव्यावरील परिषदे’त नागरिकांच्या चर्चेतून 49 शिफारशी आल्या. त्या सादर झाल्या त्याच दिवशी, 9 मे 2022 रोजी, 13 देशांनी घाईघाईच्या करारबदलाला विरोध असल्याचे लिहून दिले. नोव्हेंबर 2023 मध्ये युरोपीय संसदेने सदस्य देशांचा नकाराधिकार कमी करणारे प्रस्ताव 291 विरुद्ध 274 मतांनी संमत केले. कन्व्हेन्शन बोलवायला 14 देश पुरतात.